मदत हवी आहे: रिक्षावाल्यांना सीएनजीवर सबसिडी मिळते का?
नमस्कार मंडळी, बाबांची कल्याणला परमिटची रिक्षा आहे, सीएनजीवरची. स्टँडवर कुणीतरी सांगितलं की बॅजवाल्यांना गॅसचे पैसे आता सरकार खात्यात टाकणार, आणि फॉर्म भरायला एक एजंट पैसे मागतोय, वर आधारचा ओटीपी पण. मला एवढंच माहितीये की 2021 च्या लॉकडाऊनमध्ये परमिटधारकांना 1500 रुपये जाहीर झाले होते आणि एप्रिल 2022 पासून सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्के केला, पण तो सगळ्याच गाड्यांना, रिक्षावाल्यांना वेगळं काही नाही. असा जीआर खरंच निघालाय का? असेल तर तारीख द्या ना. नसेल तरी लगेच सांगा, बाबा उद्या त्या एजंटला पैसे देऊन मोकळे होतील.