गावोगावी बिनपगारी राखीव दल: हवं की नको?

नाचणगावकर: 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचा लष्करी दारूगोळा डेपो पेटला आणि आसपासच्या गावांतले लोक लेकरं-म्हातारे घेऊन घराबाहेर पडले. अशा वेळी मागं कोण राहिलं, हे गावातल्याच माणसाला कळतं. हल्ल्याच्या वेळी लोकांचा बचाव करायचा नागरी संरक्षण कायदा 1968 चा आहे, 2009 च्या दुरुस्तीनं आपत्तीचं कामही त्यात आलं. मग गावातली वीस-पंचवीस पोरं बिनपगारी तयार करायला काय हरकत आहे? स्ट्रेचर, दोर, प्रथमोपचार, बस्स. पैसा आला की भरती, अन् भरती आली की वशिला.

जागल्या: फुकट काऊन भाऊ? आमचे पोट्टे रानडुकरांपायी रातभर मचाणीवर डबडं वाजवत जागल करतात, सकाळी रोजीनं जातात. त्यायले म्हणता परेडला या. त्या दिवसाची रोजी बुडते ते? फुकट कोण येईन सांगू? ज्याच्या बापाचं वीस एकर ओलित हाये तो, नाहीतर ज्याले जिल्हा परिषदेचं तिकीट पाह्यजे तो.

जुना होमगार्ड: होमगार्डही स्वयंसेवकच. 1946 मध्ये मोरारजी देसाईंच्या पुढाकारानं मुंबईत दल उभं राहिलं, तेही दंगलींच्या काळात. आजही कागदावर आम्ही मानसेवी. 2024 मध्ये रोजचा भत्ता 1083 रुपये झाला, चांगलंच झालं, पण बंदोबस्त लागेल त्याच दिवशी. गणपती, देवी, निवडणूक संपली की घरी. भत्ता असून ही गत, तर बिनभत्त्याचे किती दिवस टिकतील?

वैरागडी: गडचिरोलीकडं हा प्रयोग नकोच. शेजारच्या छत्तीसगडात तुटपुंज्या मानधनावर आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी करून नक्षलवाद्यांसमोर उभं केलं होतं. सुप्रीम कोर्टानं जुलै 2011 मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. इकडं गावात दलाचा नुसता टी-शर्ट घातला तरी माणूस ‘खबऱ्या’ ठरतो.

नाचणगावकर: बंदुकीचं मी बोललोच नाही. अन् गावात लग्न असलं की हीच पोरं पंगत वाढतात, तेव्हा रोजी मागतात का?

जागल्या: पंगतीत स्फोट होत नाही ना बाप्पा! प्रशिक्षणाच्या दिवसाची रोजी, गमबूट, अन् हातपाय मोडला तर इलाज कोणाच्या खिशातून, एवढं ग्रामसभेच्या ठरावात लिहून द्या. पह्यलं नाव माझं टाका.

जुना होमगार्ड: ग्रामसभेचा कोरम भरू द्या आधी.