परदेशात मोटरहोम नेताना प्रदूषणश्रेणीचे स्टिकर कुठे लावावे?

प्रश्न: आम्ही लंडनला राहतो आणि उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन पॅरिसमार्गे बर्लिनला जाणार आहोत. आमचे मोटरहोम 2012 सालचे, डिझेलवर चालणारे आहे. दोन्ही देशांसाठी एकच स्टिकर पुरेल का?

उत्तर 1: नाही, दोन्ही वेगळी घ्यावी लागतात. फ्रान्सचे ‘क्रिट-एअर’ स्टिकर अधिकृत संकेतस्थळावरून टपालखर्चासह साधारण 5 युरोंत मिळते. मात्र ते टपालाने येत असल्याने अर्ज लवकर करा. जर्मनीत शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत (जिथे जास्त धूर सोडणाऱ्या वाहनांना मनाई असते) हिरवे स्टिकर लागते, ज्यासाठी डिझेल वाहन किमान ‘युरो 4’ या युरोपीय उत्सर्जन श्रेणीचे असावे, किंवा युरो 3 असून त्याला कणगाळणी (धुरातील काजळीचे कण अडवणारी गाळणी) बसवलेली असावी. बर्लिनमध्ये असे क्षेत्र 2008पासून आहे, हिरव्या स्टिकरची अट 2010पासून आहे आणि स्टिकर नसल्यास 100 युरो दंड होतो. वाहन नियमात बसत असले, तरी स्टिकर नसेल तर दंड टळत नाही, हे कृपया ध्यानात घ्या.

उत्तर 2: केवळ सालावरून श्रेणी ठरवू नका, कारण मोटरहोमचा सांगाडा अनेकदा आधीच्या वर्षी तयार झालेला असतो. नोंदणीपत्रात युरो श्रेणी नसेल, तर उत्पादकाकडून लेखी पत्र मागवा. साडेतीन टनांपर्यंतचे युरो 5 डिझेल वाहन फ्रान्समध्ये क्रिट-एअर स्टिकरच्या क्रमांक 2 च्या श्रेणीत येते. त्याहून जड वाहनांची वर्गवारी वेगळी आहे.

स्टिकर समोरच्या काचेच्या आतून, उजव्या खालच्या कोपऱ्यात चिकटवा. दोन्हींवर वाहनाचा क्रमांक असतो, त्यामुळे तो नोंदणीपत्राशी पडताळून पाहा. मुक्कामी काचेवर बाहेरून आवरण घालत असाल, तर स्टिकर झाकले जाणार नाही याची काळजी घ्या.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. उत्पादकाला आजच पत्र लिहितो.