क्लच घरीच बदलायचा आहे, दोन दिवसांत होईल का? (मदत हवी आहे)

धूरकट
क्लच पार गेलाय. चढावर ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी काही पुढे सरकत नाही. जळका वासही येतो. गॅरेजवाल्याने सांगितलेल्या आकड्यात निम्म्याहून जास्त मजुरी आहे, म्हणून स्वतःच करणार. किट मागवलंय. जॅक आहे, पाने आहेत. शनिवारी सकाळी सुरुवात केली तर रविवार संध्याकाळपर्यंत उरकेल का? सोमवारी गाडी लागणारच आहे. कृपया "गॅरेजला द्या" असं सांगू नका.

निवांत
गॅरेजला द्या.

चौदाचा पाना
गाडी पुढच्या चाकांवर चालणारी की मागच्या? क्लच वायरचा की हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचा)? किटमध्ये नक्की काय काय आहे?

धूरकट
साधी पेट्रोल हॅचबॅक आहे हो, पुढच्या चाकांवरची. किटमध्ये प्लेट वगैरे सगळं आहे.

चौदाचा पाना
त्या "वगैरे"मध्ये रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं) आहे का ते बघा. प्लेट, प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि बेअरिंग, तिन्ही एकदम बदलायचं. बेअरिंग वाचवलंत आणि महिन्याभरात ते ओरडायला लागलं, की पुन्हा अख्खा गिअरबॉक्स उतरवा.

सावकाश चालवा
क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय आहे का? सिग्नलला अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवता का? मूळ तिथे आहे. माझी मूळ प्लेट अजून शाबूत आहे, कारण मी गिअर बदलला की पाय खाली टेकवतो.

धूरकट
@सावकाश चालवा, प्लेट गेल्यावर आता पाय कुठे ठेवू ते सांगून काय उपयोग?

चौदाचा पाना
उतरवण्याआधी खात्री करा. हँडब्रेक घट्ट ओढा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकन बंद पडलं तर प्लेट धरतेय. चालूच राहिलं तर स्लिप होतेय. एकदाच करा, हौसेने चारदा केलंत तर उरलीसुरली प्लेटही जाईल. आणि वायर की हायड्रॉलिक ते अजून सांगितलं नाहीत.

धूरकट
वायर. चार महिन्यांपूर्वीच नवी टाकली. टेस्ट केली, इंजिन चालूच राहिलं. पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलते.

चौदाचा पाना
अहो, नवी वायर टाकली हे आत्ता सांगताय? वायर ताणून बसवली असेल तर क्लच सतत थोडा दाबलेलाच राहतो आणि चांगली प्लेटही घसरते. गिअरबॉक्सवरच्या फोर्कला (वायर जिला ओढते त्या दांडीला) हाताने हलवून बघा. जरासाही प्ले (मोकळी हालचाल) नसेल तर वायरचा नट सैल करा. या कामाला दहा मिनिटं लागतात, गिअरबॉक्सला दोन दिवस.

धूरकट
प्ले शून्य होता! नट सैल केला. सपाट रस्त्यावर बरी वाटते, पण चढावर तेच. खाली वाकलो तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओल दिसली. ती वर्षभर आहे, म्हणून लिहिलं नव्हतं.

तेलकट हात
वर्षभराची ओल म्हणजे प्लेटवर तेल चढलेलं असणार. बोटाला लावून वास घ्या. उग्र गंधकासारखा आला तर गिअर ऑईल, म्हणजे इनपुट शाफ्टचं (गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याचं) सील. नाहीतर इंजिन ऑईल, म्हणजे क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील. दोन्ही सीलं आधीच आणून ठेवा. सील न बदलता नवी प्लेट टाकणं म्हणजे पाऊस गळत असताना गादी बदलणं.

गोटी सेट
फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाची जड चकती, जिला क्लच प्लेट धरते) लेथवर घासून सपाट करायला द्यायलाच लागेल. मी दरवेळी देतो.

तेलकट हात
दरवेळी कशाला? निळे डाग, तडे किंवा नखाला लागणारी खाच नसेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा, ब्रेक क्लीनरने पुसा, झालं.

गोटी सेट
आणि मग क्लच सोडताना गाडी थरथरली की इथेच नवा धागा काढा.

चौदाचा पाना
भांडण बाजूला ठेवा. @धूरकट, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. एक्सलचे (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे) मोठे नट चाकं जमिनीवर असतानाच सैल करा, नंतर चाक नुसतं फिरत राहील. बॅटरीची वायर आधी काढा. गिअर ऑईल काढल्याशिवाय एक्सल ओढू नका. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दुसरा जॅक द्या, मगच गिअरबॉक्सचं माउंटिंग सोडा. मदतीला माणूस हवाच, त्या पेटीचं वजन एकट्याला पेलणारं नाही. आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

निवांत
अवांतर: हीच गाडी ऑटोमॅटिक घेतली असती तर?

धूरकट
शनिवार रात्र. गिअरबॉक्स खाली आला. प्लेटच्या एका बाजूचे रिव्हेट जवळजवळ टेकलेत, दुसरी बाजू काळी आणि काचेसारखी गुळगुळीत. ओल इंजिन ऑईलची निघाली, क्रँकचं सील बदललं. फ्लायव्हीलवर डाग नाहीत, @तेलकट हात यांचं ऐकलं. नवी प्लेट कुठली बाजू आत?

तेलकट हात
"फ्लायव्हील साइड" असं छापलेलं असतं. नसेल तर मधला स्प्रिंगांचा फुगीर भाग सहसा गिअरबॉक्सकडे. स्प्लाईनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस नावापुरतं. जास्त लावलंत तर ते उडून पुन्हा प्लेटवरच जाईल. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आवळा.

धूरकट
रविवार दुपार. गिअरबॉक्स दोन बोटं अंतरावर अडलाय. लांब बोल्ट टाकून ओढून घेऊ का?

चौदाचा पाना
अजिबात नाही! हाऊसिंगचा कान तुटेल किंवा प्लेटचं मधलं बूड वाकेल. गिअरबॉक्स शाफ्टवर लटकत ठेवू नका. प्लेट मध्यावर बसवली होती का?

धूरकट
अंदाजाने.

गोटी सेट
म्हणजे सेंटरिंगचं टूल आणलं नाही. टूल नसेल तर बारीक गोटीवर (सॉकेटवर) टेप गुंडाळा, मधल्या भोकात घट्ट बसेल इतकी, आणि प्रेशर प्लेट सैल करून प्लेट पुन्हा मध्यावर घ्या.

धूरकट
टेपचे सतरा वेढे लागले. मग पेटी गिअरमध्ये टाकली, भावाने क्रँक पुली पान्याने इवलीशी फिरवली आणि खाड्कन बसली. आता सगळं जोडलंय, ऑईल भरलंय, चावी फिरवली तर नुसतं टक्. स्टार्टर फिरतच नाही. बॅटरी चार्ज आहे.

तेलकट हात
गिअरबॉक्सची अर्थिंगची जाड वायर लावलीत का?

धूरकट
...

धूरकट
लावली. चालू झाली. चढावर नेऊन आलो, क्लच धरतोय. पेडल इतकं हलकं लागतंय की पहिल्यांदा गाडी बंदच पाडली.

गोटी सेट
सुरुवातीचे काही शे किलोमीटर गाडी चढावर आणि दुसरी गाडी रस्सीने ओढायला वापरू नका. फ्लायव्हीलबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

सावकाश चालवा
आणि पाय?