मुलाचा आयक्यू १२८ वरून ९६ वर आला, लवकर मदत हवी आहे

कातरवेळ
परवा शाळेत रिपोर्ट द्यायचाय, म्हणून घाईत लिहितेय. मुलाचा बुद्ध्यांक ९६ आलाय, शेजारी पर्सेंटाइल ३९. म्हणजे शंभरपैकी ३९ मार्कच ना? मागच्या वर्षी १२८ होता. वर्षभरात इतका कसा उतरला? टेस्ट पुन्हा करून घ्यावी का? माहीतगारांनीच लिहा, प्लीज.

रानवारा
मुलाचं वय? टेस्ट कोणती, घेतली कोणी? आणि आधीचे १२८ कुठले? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

अबोली_म
आमच्या भाच्याला अबॅकस लावलं होतं. आता मोठमोठ्या बेरजा तोंडी करतो. तुम्हीही लावा, आयक्यू नक्की वाढेल.

कातरवेळ
अबॅकसचं विचारलं नव्हतं. वय ९. १२८ मोबाईलवरच्या टेस्टचे होते. आताची मानसशास्त्रज्ञांनी समोर बसवून घेतली, वेक्स्लरची (मुलांच्या बुद्धिमत्तेची चाचणी) पाचवी आवृत्ती. पण दोन्ही आयक्यूच ना?

रानवारा
नाही. वेक्स्लरमध्ये मूल स्वतःच्या वयाच्या मुलांच्या तुलनेत कुठे आहे ते बघतात. त्यासाठी आधी खूप मुलांवर चाचणी घेऊन सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते) १५ असं बसवलेलं असतं. साधारण ६८ टक्के मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात, म्हणजे ९६ अगदी मधोमध. मोबाईलवरचे १२८ कोणाच्या तुलनेत काढले ते कोणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे इथे काही उतरलेलंच नाही. आणि ३९ हे मार्क नाहीत. त्याच्या वयाच्या शंभर मुलांमधली ३९ त्याच्या बरोबरीने किंवा खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.
रिपोर्टमध्ये ९६ च्या पुढे दोन आकडे असतील, ते बघा.

जुना_मास्तर
मी तर म्हणतो, रिपोर्ट बाजूला ठेवा. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांनी १९०५ मध्ये पहिली चाचणी केली ती वर्गात कोणाला जास्त मदत लागेल हे शोधायला. बुद्धी जन्मभर ठरलेली असते, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. मुलांवर शिक्के मारणं नंतरच्यांनी सुरू केलं. माझ्या वर्गातली कित्येक हुशार मुलं अशा आकड्यांत कधी दिसलीच नसती.

समिधा
मास्तर, शिक्का मारू नये हे मान्य. पण आकडा निरर्थक आहे हे मान्य नाही. शाळेतल्या गुणांशी त्याचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण) साधारण ०.५ येतो, मानसशास्त्रात हा बराच मोठा समजतात.

जुना_मास्तर
०.५ चा वर्ग करा. मुलामुलांच्या गुणांतल्या फरकाचा पाव हिस्सा त्यातून उलगडतो. उरलेल्या पाऊण हिश्श्याचं काय? सवय, झोप, घरचं वातावरण, भाषा?

समिधा
पाव हिस्सा एकाच चाचणीतून कळत असेल तर तो थोडा नाही. आणि झोप किंवा भाषेचा परिणाम आयक्यूवरही होतो, ते वेगळे हिस्से नाहीत.

नदीकाठ
खरं तर भावनिक बुद्ध्यांकच महत्त्वाचा. त्यावर वेगळा धागा काढू का?

कातरवेळ
तुमचं चालू द्या, पण माझं आधी सांगा ना! ते दोन आकडे ९० ते १०२ आहेत. खाली तक्ता आहे: शाब्दिक आकलन १११, दृश्य-अवकाशीय १०५, तर्क १०३, कार्यकारी स्मृती (माहिती थोडा वेळ डोक्यात धरून वापरणं) ८८, प्रक्रिया गती ७२.

रानवारा
हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. ९० ते १०२ म्हणजे मोजमापात थोडी चूक गृहीत धरून दिलेला पट्टा. उद्या ९९ आले तर मूल हुशार झालं असं नाही, ९३ आले तर मंद झालं असंही नाही. पण १११ आणि ७२ एकाच मुलाचे असतील, तर ९६ या मुलाचं खरं वर्णन करत नाही. टेस्ट मुळात का घेतली होती?

कातरवेळ
पेपर अपुरे राहतात. तोंडी विचारलं की सगळं येतं. शाळेनेच सांगितलं टेस्ट करा म्हणून.

समिधा
मग ७२ बद्दलच बोला, म्हणजे प्रक्रिया गती, साधं काम बघून झटपट उरकण्याचा वेग. त्या भागातल्या एका उपचाचणीत वर आकडे आणि त्यांची चिन्हं दिलेली असतात, दोन मिनिटांत खालच्या रकान्यांत जमतील तितकी चिन्हं काढायची. त्यात डोकं लागतं तसा हातही लागतो. त्या वेळी तो काय करत होता, हे निरीक्षणात लिहिलंय का?

कातरवेळ
लिहिलंय. 'प्रत्येक चिन्ह सावकाश, रेखीव काढतो. चुकल्यासारखं वाटलं की गिरवत बसतो.' फळ्यावरून उतरवतानाही हेच करतो, शेवटच्या ओळी वहीत येतच नाहीत.

जुना_मास्तर
हे माझ्या कामाचं. अशा मुलाला पेपरात जादा वेळ द्या, काही भाग तोंडी घ्या. लिहायला येत नाही म्हणून कळत नाही असं धरू नका.

समिधा
इथे मास्तरांशी सहमत. फक्त ७२ वरून कसलंही निदान करू नका. नजर आणि लिखाणाचा हात तपासून घ्या. टेस्ट लगेच पुन्हा नको, प्रश्न ओळखीचे झाले की सरावानेच गुण चढतात.

अबोली_म
अबॅकसने हातालाही वेग येतो, मी तेच सांगत होते.

कातरवेळ
शाळेने फक्त पहिलं पान मागितलंय, ज्यावर ९६ आहे. तेवढंच देऊ?

रानवारा
नको. तक्ता आणि निरीक्षणाचं पान जोडूनच द्या. जादा वेळाची शिफारस मानसशास्त्रज्ञांकडून लेखी घ्या, उद्याच फोन करा.