कार्टूनमधला ही-मॅन पुन्हा पाहिला का कुणी? आपापले अनुभव लिहा

पागोळी:
ही-मॅनचा नवा सिनेमा येतोय म्हणून भाच्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. निकोलस गॅलिट्झिन त्या केसांत कसा दिसेल, ट्रॅव्हिस नाइटने 'बंबलबी' चांगला केला होता मग हाही जमेल का, वगैरे. म्हटलं, बाबा रे, आमच्या वेळचा तरी बघ आधी. शनिवारी रात्री 1987चा सिनेमा लावला, डॉल्फ लुंडग्रेनवाला.

थोड्या वेळाने चिरंजीव विचारतात, "मावशी, अ‍ॅडम कुठाय? ऑर्को? बॅटल कॅट?" म्हणजे ज्याचा ही-मॅन होतो तो राजपुत्र, तो उडता जादूगार आणि तो हिरवा वाघ. नाहीतच ना! इटर्निया, म्हणजे त्यांचं जग, जरासं दाखवतात आणि सगळी वरात थेट कॅलिफोर्नियात. इटर्निया उभारायला पैसा लागतो, अमेरिकेतला रस्ता तयारच असतो. लुंडग्रेनचे दंड बघायचे आणि संवाद सोडून द्यायचे. कोर्टनी कॉक्स आहे त्यात, 'फ्रेंड्स'च्या सात वर्षं आधीची.

पण मी अडकले खलनायकावर, स्केलेटॉरवर. लहानपणी तो नुसता कवटीवाला होता. आता बघते तर एवढ्या मेकअपखालून फ्रँक लँजेला जीव तोडून काम करतोय. आपल्या लहान मुलासाठी त्याने ही भूमिका घेतली होती, आणि अजूनही ती त्याच्या आवडत्या कामांपैकी एक आहे म्हणे. पटलं. बाकीचे नुसते उभे आहेत, हा एकटा नाटक करतोय.

नंतर कार्टून लावलं. तेच धावणं, तीच कॅमेऱ्याकडे येणारी बुक्की, तोच खडक फेकणं. कार्टून बनवणारे फिल्मेशनवाले एकदा काढलेली चित्रं किती भागांत वापरायचे! 130 भाग असेच निघाले. तरी बघत बसले, हे नवऱ्याला सांगू नका.

तुम्ही पाहिलंत का परत? काय टिकलं, काय गळालं?

चौथा मजला:
आमच्या चाळीत शेजारच्या काकांनी दुबईहून व्हीसीआर आणला आणि सोबत ही-मॅनच्या कॅसेट. दाराबाहेर चपलांचा ढीग. इंग्रजी कुणाला कळतंय, दादा भाषांतर करायचा. निम्म्याहून अधिक थापा. एकदा म्हणाला, स्केलेटॉर हा ही-मॅनचा सख्खा काका, इस्टेटीवरून भांडण आहे. आम्ही सगळ्यांनी मानलं, कारण खालच्या मजल्यावर तसलंच भांडण चालू होतं.

आता गंमत ऐका. नेटफ्लिक्सवर 2021ला ती थ्रीडी मालिका आली ना, त्यात तो खरंच काका आहे! केल्डॉर, राजाचा भाऊ. रात्री साडेअकराला दादाला फोन केला. वहिनीने उचलला, घाबरली बिचारी.

मिरचीपूड:
इस्टेटीवरून भांडण 😂 हसून हसून पुरेवाट
आमची आजी ही-मॅन म्हटलं की धर्मेंद्र शोधायची. कार्टून लागलं की "हा कोण गोरा मेला" म्हणून आत जायची.

बोरिवली स्लो:
गाडीत उभा आहे, थोडक्यात लिहितो. सिनेमात अ‍ॅडम नाही म्हणून भाचा रुसला असेल तर त्याला सांगा, मुळातही तो नव्हता. 1982ला मॅटेलने खेळणी काढली, त्यांच्यासोबतच्या पहिल्या छोट्या कॉमिक्समध्ये ही-मॅन हा रानातून आलेला लढवय्या आहे. राजपुत्र वगैरे नंतर आलं, कार्टूनने पक्कं केलं. मालिका 1983ची. म्हणजे आधी बाहुला, मग गोष्ट.

वाघाचंही तसंच. बिग जिम नावाची मॅटेलचीच जुनी खेळणी होती, त्यातल्या वाघाचा साचा पडून होता. ही-मॅनपुढे तो फारच मोठा दिसायचा, म्हणून हिरवा रंग दिला, खोगीर घातलं, झाला बॅटल कॅट. अंधेरी आलं, आता हात हलवता येणार ना—

खडूस आत्या:
बोरिवली स्लो, अंधेरीला हात हलवता येणार नाहीत म्हणजे विरारच पकडलीत. आयडी बदला.

मी शी-रा वाली, म्हणजे ही-मॅनच्या बहिणीची मालिका. 1985ची. मुलीबरोबर 2018ची पाहिली, एनडी स्टीव्हन्सनची. आधी मला ती चित्रंच आवडली नाहीत, आमची शी-रा कशी उंच, केस सोडलेली, झोकात. ही तर शाळकरी पोर. पण कॅट्रा, तिची मैत्रीण झालेली वैरीण! मैत्रिणी-मैत्रिणींचं ते फिस्कटणं इतकं खरं आहे की पाचवा सीझन संपेपर्यंत लेक झोपली आणि मीच जागी. जुनी परत लावली तर दोन भागांपुढे गेले नाही. घोडा मात्र जुनाच चांगला.

कुकर झाला, येते.

निवांत:
केविन स्मिथची 2021चीच दुसरी ही-मॅन मालिका, रेव्हलेशन, कुणी पाहिलीच नाही का? पहिल्याच भागात ही-मॅन मरतो आणि मालिका टीलाच्या, त्याच्या लढवय्या मैत्रिणीच्या, खांद्यावर. केवढी बोंब झाली होती तेव्हा. मला आवडली बुवा. राजपुत्र अ‍ॅडमच ही-मॅन आहे हे गुपित इतकी वर्षं आपल्यापासून लपवलं म्हणून टीला चिडते, त्यात काय चूक? स्केलेटॉरला मार्क हॅमिलचा आवाज. कार्टूनमधल्या अ‍ॅलन ओपनहायमरच्या चिरक्या हसण्याची सर नाही, तरी मजा येते.

मिरचीपूड:
अहो स्पॉयलर!! आज रात्री बघणार होते

निवांत:
2021ची आहे हो.

मिरचीपूड:
माझी मुलं लहान आहेत. मी अजून 2019मध्ये आहे.

चौथा मजला:
खेळण्यांवर कुणीच बोलत नाहीये. लिओ मॅटेलचे मिळायचे आपल्याकडे. कंबर पिळून सोडली की बुक्की बसायची. माझ्याकडे एकटा बीस्ट मॅन होता, कारण दुकानात तोच उरला होता. वाढदिवसाला नारिंगी केसाळ माणूस. ज्याच्याकडे ही-मॅन तो कप्तान, मी कायम मार खाणारा. ही खेळातली भूमिका पुढे ऑफिसातही कामी आली.

बोरिवली स्लो:
उतरलो. (आत्या, विरारच होती.)
वासाचे बाहुले आठवतात का? मॉस मॅनला पाइनचा वास असायचा, स्टिंकोरला घाणेरडा. स्टिंकोर मी मोठेपणी एका संग्राहकाकडे हुंगला. अजून येतो. त्याच्या बायकोने त्याला कपाटातून गॅलरीत हलवलं होतं, बाहुल्याला की नवऱ्याला ते विचारलं नाही.

पागोळी:
😂😂 भाच्याला वाचून दाखवलं. बिग जिमचा वाघ त्याला माहीत होता म्हणे! ही पोरं झोपतात कधी?

बाय द वे, 1987च्या सिनेमात शेवटची नावं संपल्यावर स्केलेटॉर खालून डोकं वर काढून "मी परत येईन" म्हणतो ते बघितलंय का? पुढचा भाग कधी आलाच नाही. भाचा म्हणतो, तो अजून तिथेच पाण्यात असेल.

खडूस आत्या:
परत आले. कुणाकडे तुटक्या पायांचे बाहुले आहेत का? माळ्यावरून भावाचा ट्रॅप जॉ निघालाय, जबडा ठीक, दोन्ही पाय वेगळे. आतलं रबर कुजलंय. केसांचं रबर घालून बघितलं, तंगडी फाकवून उभा राहतो.

बोरिवली स्लो:
केसांचं नको, ढिलं पडतं. आत दोन हुक आणि मधे जाड आखूड रबर असतं. नळाच्या दुकानात ओ-रिंग मागा, पाय नेऊन माप दाखवा.

खडूस आत्या:
दुकानदाराला काय सांगू, कुणाचा पाय आहे?

निवांत:
सांगा काकांचा.