जिवाणू सोडा, पण चुना आधी

दादा, शेणखत आणि सुपर फॉस्फेट बंद करून माशांच्या तळ्यात नुसते जिवाणू सोडले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते नाही. ॲझोटोबॅक्टर हा जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) बांधतो, दुसरे जिवाणू गाळात अडकलेला स्फुरद (फॉस्फरस) मोकळा करतात. त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढतं, आणि तेच कटला माशाचं खाणं. पण या जिवाणूंनाही सेंद्रिय खाद्य लागतं, म्हणून थोडं कुजलेलं शेण हवंच.

आपल्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीची माती जांभ्याची, आम्लधर्मी. त्यातलं लोह स्फुरद धरून बसतं. आधी चुना द्या, आठ-दहा दिवस थांबा, मग जिवाणू.

गेल्या पावसाळ्यात मी ढगाळ संध्याकाळी गुळाच्या पाण्यातून जिवाणूंचं भरपूर द्रावण ओतलं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत होते. जिवाणूही प्राणवायू ओढतात हो! आता चांगलं ऊन पडल्यावरच टाकतो, तेही थोडं थोडं. कोपरापर्यंत हात बुडवून बघा; तळवा दिसेनासा झाला की प्लवक पुरेसं झालं, आणखी काही घालू नका.

खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या, तळ्याला मात्र हे लावू नका. तिथे मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, भरती-ओहोटीचं पाणी खेळतं, टाकलेलं सगळं वाहून जातं.