मदत हवी आहे: पार्किन्सन्सवरच्या संशोधनाला निधी द्यायचाय, प्रस्ताव कसे पारखायचे?

एका प्रकल्पाला तीन वर्षं पुरेल एवढा निधी आमच्या न्यासाकडे आहे. कंप, ताठरपणा तात्पुरता कमी करणारं औषध नकोय. आजाराची चाल मंदावणारं हवंय. दोन प्रस्ताव उरलेत: उंदरांवर नवा रेणू, आणि दुसऱ्या आजारावरच्या जुन्या औषधाची 20 रुग्णांवर चाचणी. कशाला पैसे द्यावेत? करारात काय लिहून घ्यावं?

प्रतिसाद १
जुनं औषध. पेटंट संपलेल्या गोळीत कंपन्यांना नफा दिसत नाही, तिथे न्यासांचाच पैसा लागतो. पण 20 रुग्णांत "चाल मंदावली" हे सिद्ध होत नाही. तसं वचन दिलं असेल तर सावध व्हा. मधुमेहावरचं एक्झेनाटाइड 2017 मध्ये साठेक रुग्णांत आशादायक ठरलं, पुढे 194 रुग्णांच्या 96 आठवड्यांच्या चाचणीत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ डोसपेक्षा) सरस निघालं नाही.

लहान चाचणीने एवढंच विचारावं: औषध मेंदूपर्यंत पोचतं का, आणि तिथे काही हलवतं का? अ‍ॅम्ब्रॉक्सोल बघा (हो, तेच खोकल्याचं). 420 मिग्रॅ दिवसातून तीनदा, 17 रुग्ण, 186 दिवस, प्लासिबो गट नाही. कंबरेतून काढलेल्या मेंदू-मज्जाद्रवात औषध सापडलं, पेशीतला कचरा साफ करणाऱ्या ग्लुकोसेरेब्रोसिडेज एन्झाइमचं प्रमाणही वाढलेलं होतं. मोठ्या चाचणीला आधार मिळाला तो यातून. मज्जाद्रव काढण्याचा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर प्रस्ताव परत पाठवा.

प्रतिसाद २
उंदीर लगेच बाद करू नका. एमपीटीपी (पार्किन्सन्ससारखी लक्षणं आणणारं विष) टोचलेले उंदीर असतील तर विचारा, रेणू विषाआधी दिला की नंतर? एमपीटीपी स्वतः मारत नाही. मेंदूतलं एमएओ-बी हे एन्झाइम त्याचं एमपीपी प्लस हे विषारी रूप करतं, मग पेशी मरतात. हे रूपांतर अडवणारा कुठलाही रेणू पेशी "वाचवतो", आणि आलेख झकास दिसतो! अल्फा-सायन्यूक्लीनचे (पार्किन्सन्समध्ये मेंदूत ज्याच्या गुठळ्या होतात त्या प्रथिनाचे) तंतू टोचून, गुठळ्या दिसू लागल्यावर रेणू सुरू केला असेल तर पुढचं वाचा.

प्रतिसाद ३
पैसे हप्त्यांनी द्या, तारखेवर नाही, कामावर: नीतिसमितीची मंजुरी आणि सार्वजनिक नोंदणी झाली की पहिला, निम्मे रुग्ण दाखल झाले की दुसरा. निकाल नकारात्मक आला तरी वर्षभरात छापायचा, उरलेले नमुने इतर संशोधकांना द्यायचे, हे लिहून घ्या.

अंदाजपत्रकात हमखास सुटणारी बाब: हालचालींची तपासणी लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळीचा) शेवटचा डोस होऊन 12 तास झाल्यावर करतात, नाहीतर गोळीचाच असर मोजला जातो. रुग्ण सकाळी आखडलेला येतो, सदऱ्याचं बटणही लागत नाही. सोबतचा माणूस, वाहन, रात्रीचा मुक्काम, यांचे पैसे ठेवले नाहीत तर रुग्ण मधेच गळतात.

प्रश्नकर्ता
आभार. जुन्या औषधवाल्यांनी मज्जाद्रव एकदाच, शेवटी, काढायचा म्हटलंय. चालेल?

प्रतिसाद १
नाही. सुरुवातीचा नमुनाच नसेल तर वाढ कशाच्या तुलनेत मोजणार? दोनदा काढायला लावा. खर्चापायी 20 चे 14 रुग्ण झाले तरी चालतील.